डबा कुठं लावाचा

आमच्या घरी ज्या माणसानं वायफाय लावलं, तो पहिल्या दिवशी काहीच न लावता निघून गेला.

सकाळच्या पॅसेंजरनं अकोल्याहून आला, बडनेऱ्याले उतरला आणि तिथून आमच्या वस्तीपर्यंत पायी आला. खांद्यावर वायरीचं भेंडोळं, हातात कापडी थैली, पँटच्या दोन्ही पायायले सायकलवाले लावतात तशा क्लिपा. सायकल त्याच्यापाशी नव्हती. ती विकून बरीच वर्षं झाली होती, क्लिपा तेवढ्या राह्यल्या होत्या. आला, चपला काढल्या, तांब्याभर पाणी पेला न् मांगच्या पडवीच्या पायरीवर जाऊन बसला.

मी म्हटलं, "लाइनमन भाऊ, डबा समोरच्या बैठकीत लावाचा आहे. इकडे कुठं बसता?"

"लावू ना जी. पहिले घरातले मानसं कुठं बसतात ते त पाहू द्या."

"माणसं काय पाहाचे? दोघंच त आहो आमी."

"दोघं असले त दोघं. पाहू द्या."

दिवसभर बसला. दुपारी आमच्यातच जेवला. संध्याकाळी उठला, पँट झटकली न् म्हणे, "परवा येतो."

मी बायकोले म्हटलं, याचं डोकं फिरलं आहे. तिनं मेथीची जुडी बांधता बांधता नुसतं माझ्याकडे पाह्यलं. तिले त्या माणसाचं काम समजलं होतं, मले समजाले लय वर्षं लागले.

बायको जाऊन आता दोन वर्षं होतीन. लाइनमन गेला या हिवाळ्यात. बायकोवर लिहाले बसलो त हात चालत नाही, म्हणून लाइनमनवर लिहितो. माझी शाळा चौथीत सुटली. वाडीत भाजीपाला लावणं न् अमरावतीच्या बाजारात नेऊन विकणं, एवढंच जन्मभर केलं. चुकलं असन तिथं तुमी नीट करून वाचा.

त्याले सारे लाइनमनच म्हणत. टेलिफोन खात्यात खांबावर चढाचं काम होतं त्याचं. आमच्या गल्लीतला पहिला फोन त्यानंच लावला. नोकरी संपली तसा तो अकोल्याले विधवा बहिणीपाशी राहाले गेला. तारेचे फोन गेले, मोबाइल आले, मंग घराघरात हे वायफायचे डबे आले. राउटर म्हणतात त्याले, आमी डबाच म्हणतो. लाइनमन ते काम आपल्या मनानंच शिकला. पण एक होतं. ज्या घरात त्यानं आधी फोन लावला होता, त्याच घरी तो डबा लावाले जाये. नवीन घरवाल्यायनं बोलावलं त सरळ म्हणे, "मले तुमच्या घरच्या सवयी मालूम नाही. दुसरा पाहा."

खुर्चीवर तो कधी बसला नाही. म्हणे, "लाइनमननं खांबावरून पाहाचं, नाही त जमिनीवरून. खुर्चीवरून काही दिसत नाही." वायर सोलली की तिचा वास घे. मी विचारलं वास कशाले घेता, त म्हणे, "तुमी टमाट्याचा घेता का नाही?"

रागही तसाच होता. एका मोठ्या बंगल्यातून तो काम अर्धं टाकून परत आला होता. मी म्हटलं, काहून? म्हणे, "तीन पोरं, तीन सुना. मी विचारलं, म्हातारी दिवसभर कुठं बसते? सारे एकमेकाच्या तोंडाकडे पाहाले लागले. म्हातारी कुठं बसते हे ज्याइले मालूम नाही, त्याइच्या घरी मी डबा कुठं लावाचा?"

आमच्याकडे तो परवा म्हटल्याप्रमाणं आला. बायकोले विचारलं, "वयनी, पोरीसंगं फोनवर बोलता तवा कुठं बसता?"

ती म्हणे, "बसू कुठं? इथं मोबाइलवर तिचं तोंडच थिजून जाते. जिन्यावर जाऊन उभी राहून बोला लागते."

आमची पोरगी पुण्याले आहे. मायलेकीचं रोज बोलणं होये. लाइनमननं मान हलवली न् स्वयंपाकघरात गेला. पडवीच्या खिडकीले लागून जी भिंत आहे, तिच्यावर कमरेच्या वर, डोक्याच्या खाली, अशा उंचीवर खिळा ठोकला. मी तिथंच भांडलो. म्हटलं, "अहो, दोन कानाचा डबा, पाहुणे आले त बैठकीत दिसला पाहिजे. तुमी चुलीपाशी टांगून राहिले."

"दाखवाचा हाय का चालवाचा हाय?"

"दोन्ही."

"मंग दाखवाले रिकामं खोकं ठेवा बैठकीत. बाजारात दुकान मोठं दिसाले रिकामी पेटी मांडता तसं."

बायको तोंडाले पदर लावून हासली. तिथंच माझा पराभव झाला.

मंग त्यानं तिच्याकडून स्टीलच्या भांड्याची मांडणी सरकवून घेतली. पितळेचा गुंड हलवला. पाण्याचा माठ दुसऱ्या कोपऱ्यात नेला. "पानी न् भांडे, हे दोन याले आडवे येतात." तिनं कुरकुर केली, तीस वर्षापासून माठ तिथंच होता. तो म्हणे, "वयनी, माठापासून दोन पावलं जास्त चाला, पोरगी दोन पावलं जवळ येते." माठ त्याच दिवशी हलला.

तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याची एक चिंधी त्यानं मागून घेतली. बाहेरून खांबावरची जी लाइन डब्यात येते, तिच्या टोकाले ती बांधली. विजेच्या वायरीले बांधली लाल चिंधी. म्हणे, "बंद पडलं त घाबराचं नाही. लाल काढा, वीस मोजा, लाल लावा. हिरव्याले हात लावाचा नाही. हिरव्यातून मानसं येतात." अक्षर न येणाऱ्यालेही समजन असं सांगणं होतं त्याचं. पुढं गल्लीत कोणाचा डबा रुसला की आमचीच बाई जाये, लाल काढे, वीस मोजे, लाल लावे. परत येताना अशी चाले की जसं काही ऑपरेशन करून आली.

सारं झालं की तो बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहे न् तिथून घरात नेटवरून फोन करे. हॅलो म्हणत नव्हता. पहिला शब्द असा की, "आज भाजी कोणती?"

तारेचे फोन होते तेव्हापासून त्याची हीच तऱ्हा. खांबावर बसून विचारे, भाजी कोणती. कोणी म्हणे गवार, कोणी म्हणे बेसन, ते त्याले साफ ऐकू आलं तरच खाली उतरे. मी म्हटलं होतं, हॅलो म्हणाले काय होते तुमाले? त म्हणे, "हॅलो त बहिऱ्यालेही समजते. भाजी समजली पाहिजे. पोरीनं मायले फोन केला त ती काय हॅलो ऐकाले करते का?"

त्या दिवशी बायकोनं मोबाइल कानाले लावला न् सांगतलं, "अंबाडीची. न् ज्वारीच्या कण्या."

रस्त्यावरून तो ओरडला, "पास."

तेव्हापासून तिचा पडवीत दरबार सुरू झाला. पोतं अंथरे, समोर भाजीचा ढीग, विळी बाजूले. मोबाइल तांब्याले टेकवून ठेवे न् मेथी निवडता निवडता पोरीसंगं बोले. मले बैठकीत खुर्चीवर काहीच येत नव्हतं, गोल गोल फिरत राहे. बाजारभाव पाहाचा असला तरी मले उठून पडवीत जा लागे. गेलो की ती म्हणे, "आले का? बसा. सांभार निवडा." कोथिंबिरीले आमी सांभार म्हणतो. असं करता करता माझी दुपार तिच्यापाशी जाऊ लागली. एवढ्या वर्षाच्या संसारात मी दुपारी तिच्यापाशी कधी बसलो नव्हतो. तेव्हा मी लाइनमनले शिव्या देत होतो, की याच्या पायी आपल्याच घरात जागा सोडा लागते.

गल्लीतल्या साऱ्या बायायले तिनं पासवर्ड सांगून टाकला, शाळा घरून भरत होत्या त्या दिवसायत. डबा बैलगाडीवानी चालाले लागला. लाइनमन आला. मले वाटलं आता तो तिले बोलीन. बोलला नाही. पासवर्ड बदलला न् त्याच डब्यात एक दुसरं नेट काढून दिलं, त्याचं नाव ठेवलं पाहुणे. म्हणे, "वयनी, शेजाऱ्यायले हे देजा. पाहुन्यायले बैठकीत बसवाचं, चुलीपाशी नाही. नाही म्हणाचं काम नाही, न् आपलंही अडत नाही."

एकदा भर मे महिन्यात नेट मंद पडलं. मी फोन केला, त अकोल्याचं ऊन डोक्यावर घेऊन हजर. टोपीखाली ओला रुमाल. पडवीच्या खिडकीत आमी कूलर बसवला होता, पत्र्याचा, खाली पाण्याची टाकी. त्यानं कूलर बाजूच्या खिडकीत सरकवाले लावला न् थैली उचलली. मी म्हटलं, "येवढ्यासाठी अकोल्याहून आले? फोनवर सांगाचं होतं."

"सांगतलं असतं त तुमी सरकवला असता?"

खरं सांगतो, नसता सरकवला.

बायको श्रावणात गेली. छातीत दुखते म्हणे, तिसऱ्या दिवशी संपली. ते मी लिहित नाही.

पोरगी तेरा दिवस राह्यली. जाताना म्हणे, "बाबा, चाला पुण्याले." मी म्हटलं, वाडी आहे, घर आहे, मी कुठी जात नाही. खूप वाद झाला, मंग ती एका गोष्टीवर आली. रोज संध्याकाळी सात वाजता व्हिडिओवर तुमी मले दिसले पाहिजे. नीट दिसले, नीट बोलले, त राहा. नाही दिसले त मी येऊन घराले कुलूप लावीन. मायसारखीच आहे, बोलली की करते.

मी रोज सातच्या आधी हातपाय धू, इस्त्रीचा सदरा घालू न् बैठकीत खुर्चीवर ताठ बसू. फोन लागे. तिले माझं अर्धं तोंड दिसे न् थिजून जाये. मी म्हणू, "बरा आहे, जेवलो." तिले ऐकू जाये, "बरा आ... बरा आ..." महिनाभर असं चाललं. एक दिवस ती म्हणे, "बाबा, मले तुमी दिसतच नाही. मी पुढच्या महिन्यात तिकीट काढून येते. आता वाद नको."

मी दुसऱ्या दिवशी लाइनमनले फोन केला. म्हटलं, भाऊ, डबा बैठकीत आणून द्या. आता स्वयंपाकघरात कोणी नाही. नाही आणला त माझं घर जाते.

आला. वाळला होता, क्लिपा आता पँटीवर सैल दिसत होत्या. स्वयंपाकघरात जाऊन हिरवी चिंधी बोटानं नीट केली न् पडवीच्या पायरीवर जाऊन बसला.

मी म्हटलं, "अहो, आता काय पाहाचं? एकटा त माणूस आहे."

"एकटा असला त एकटा. पाहू द्या."

मी वैतागलो. चहा केला, त्याले दिला. माझा घेऊन तिच्या पोत्यावर बसलो, सांभाराच्या जुड्या बांधल्या. दुपारी मुरमुरे फोडणीले टाकले, तिथंच खाल्ले, तिथंच आडवा झालो. उठलो त पुन्हा तिथंच. सात वाजाले आले तसा उठलो, तोंड धुतलं, सदरा घातला, बैठकीत जाऊन खुर्चीवर बसलो. पोरीचा फोन आला न् थिजला.

लाइनमन दारात येऊन उभा राह्यला. म्हणे, "भाजीवाले, डबा बराबर जागेवर हाय. तुमीच चुकीच्या जागी बसून फोन घेऊन राहिले."

"म्हणजे?"

"सकाळपासून तुमी त्या पोत्यावरून हलले नाही. पोरीचा फोन आला की इकडे पळता. काहून?"

मी म्हटलं, "तिथं तिच्या मायचं सारं सामान आहे. विळी आहे, लुगडं टांगलं आहे. पोरीनं पाह्यलं त तिले कसं वाटीन? न् मी तिथं बसलो की माझं तोंड बरं दिसत नाही."

"मंग? तिनं बरं तोंड मागतलं का तुमचं मागतलं?"

त्यानं माझ्या दंडाले धरलं, पडवीत नेलं, पोत्यावर बसवलं, मोबाइल तांब्याले टेकवून दिला. "लावा."

लावला. पोरगी पूर्ण दिसली, केसायपासून. तिनं माझ्याकडे पाह्यलं, मंग माझ्या मांग पाह्यलं, विळीकडे, खुंटीकडे. ती म्हणे, "तुमी रोज आईच्या जागेवर बसता?" मी म्हटलं हो. म्हणे, "मंग मले समोरच्या खुर्चीतून काहून खोटं बोलून राहिले होते?" न् रडाले लागली. मीही रडलो. तिची माय गेल्यापासून आमी दोघं एकमेकाच्या समोर रडलोच नव्हतो. तिनं त्या दिवशी पुण्याची गोष्ट काढली नाही. नंतर काढली ती एवढीच की दिवाळीले आठ दिवस या.

फोन ठेवला त लाइनमन पायरीवर नव्हता. तेवढ्यात पुन्हा मोबाइल वाजला. तो रस्त्यावर जाऊन उभा होता.

"आज भाजी कोणती?"

मी म्हटलं, "केली नाही."

"काल?"

"कालही नाही."

"मंग लाइन कच्ची हाय."

"अहो, तुमचा आवाज खणखणीत येऊन राहिला."

"माझा येते. तुमच्याकडून काही येऊन नाही राहिलं. उद्या पुन्हा पाहातो."

जन्मभर लोकायच्या घरी भाजी पोचवली मी, न् माझ्या चुलीवर महिनाभर मुरमुरे. ते त्यानं एका दिवसात, पायरीवर बसून पाह्यलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता अकोल्याहून फोन. भाजी कोणती? नाही. लाइन कच्ची. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी रागानं फोन उचललाच नाही, त सात वेळा वाजवला. पाचव्या दिवशी मी वांगे कापले. तिच्याच विळीवर.

"वांगे," मी म्हटलं.

"कसे झाले?"

"करपले."

"पास," तो म्हणे न् फोन ठेवला.

मले वाटलं आता संपलं. पण फोन येतच राह्यला, रोज, अकराले. पालक, गवार, पिठलं. शेवग्याच्या शेंगा केल्या त म्हणे, मीठ सांगा किती टाकलं. कधी मी म्हणू, "तुमी काय खाल्लं?" त म्हणे, "बहिणीनं जे दिलं ते. लाइनमनले कोणी विचारत नाही."

या हिवाळ्यात दोन दिवस अकराचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी मी लावला, तो उचलला त्याच्या शेजाऱ्यानं. म्हणे, लाइनमन गेला.

दहावं झाल्यावर मी बडनेऱ्याहून पॅसेंजर पकडली. संगं सांभार नेला, न् दोन जुड्या मेथीच्या. रिकाम्या हातानं कसं जाचं. अकोल्याच्या जुन्या वस्तीत दोन खोल्याचं घर. समोरच्या खोलीत टेबल, टेबलावर त्याचा फोटो, फोटोले हार, न् फोटोच्या बाजूले डबा. बहीण एका प्लास्टिकच्या खुर्चीवर, पाव्हण्यासारखी बसली होती. माझ्याच वयाची बाई.

मी माझी ओळख सांगतली. ती म्हणे, "भाजीवाले का? रोज अकराले तुमच्यासंगंच बोले तो."

थोड्या वेळानं म्हणे, "दहा दिवस झाले, मोबाइलवर नेटच येत नाही. सकाळी भजन ऐकत होती मी, तेही नाही. नात्यातले आले होते, त्याइनं डबा समोर आणून ठेवला. लाइटं त लागून राहिले याचे."

मी डबा पाह्यला. विजेची वायर लावली होती, लाल चिंधी बांधलेली. हिरवी नव्हती. बिनतारी म्हणतात त तार कशाले, असं कोणाले तरी वाटलं असन. नुसताच उजेड होता त्या डब्यात.

मी विचारलं, "बाई, तुमी दिवसभर कुठं बसता?"

तिनं माझ्याकडे पाह्यलं. मंग उठली न् मांग घेऊन गेली. मागच्या दाराजवळ, चुलीच्या बाजूले, दोन पाट ठेवले होते. एक तिचा, एक त्याचा. वर भिंतीत खिळा तसाच होता, कमरेच्या वर, डोक्याच्या खाली. त्याच्याजवळ हिरव्या चिंधीची वायर लोंबत होती.

मी डबा आणून खिळ्याले टांगला. माठ मध्ये आला होता, तो सरकवला. हिरवी लावली, लाल लावली. काही झालं नाही. मंग आठवलं. लाल काढली, वीस मोजले, घाई न करता, आमची बाई मोजे तसे. लाल लावली. एक एक लाइट येत गेला.

ती तिच्या पाटावर बसली. मी तिच्या हातात लाइनमनचा मोबाइल दिला, चपला घातल्या न् बाहेर रस्त्यावर गेलो. तिथून नेटवरून फोन लावला.

"बाई, आज भाजी कोणती?"

तिकडे कुठंतरी नळाचं पाणी बादलीत पडत होतं, ते मले साफ ऐकू येत होतं.

मंग ती म्हणे, "केली नाही."

मी म्हटलं, "मंग लाइन कच्ची हाय. उद्या अकराले पुन्हा पाहातो."